मेरिडनच्या फटफट्या आणि त्यांच्यावर जीव असलेली माणसं

मेरिडनकर

इंग्लंडात कव्हेंट्रीला येऊन मला अकरा वर्षं झाली. गावाबाहेर मेरिडनच्या रस्त्याला बॉनव्हिल क्लोज आणि डेटोना ड्राइव्ह अशा नावांच्या दोन गल्ल्या आहेत. विटांची साधी घरं, दारात छोट्या गाड्या, खिडकीत कुंड्या. पहिल्यांदा गेलो तेव्हा या शांत वस्तीला अमेरिकेतली नावं कशी, एवढंच मनात आलं. या जागेवर ट्रायम्फचा मोटारसायकलचा कारखाना होता, हे मला शेजारच्या आजोबांनी सांगितलं.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कव्हेंट्री भाजून काढली. त्यात ट्रायम्फचा शहरातला कारखाना गेला. १९४२ मध्ये मेरिडनला नवा उभा राहिला आणि १९८३ पर्यंत चालला. १९५९ ची बॉनव्हिल टी-१२० इथलीच. युटाहच्या ज्या मिठाच्या मैदानावर वेगाचे विक्रम व्हायचे, त्याचं नाव तिला दिलं.

आजोबा १९५९ मध्येच, सोळाव्या वर्षी, कारखान्यात चिकटले. काम चाकांचं. हबमध्ये तारा ओवायच्या, रिम चढवायची आणि आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायचा. आजही कुठल्या मेळाव्यात गेलो की ते टाकीचा रंग किंवा क्रोम बघत नाहीत. गुडघ्यावर हात टेकून वाकतात आणि चाकाच्या तारा एकेक करून नखाने वाजवतात. सगळ्यांचा सूर एक आला की मान हलवून पुढच्या गाडीकडे. एखादी तार बद्द वाजली की मालकाला शोधून सांगतात.

त्यांच्याकडे १९६६ ची बॉनव्हिल आहे, लाल-पांढऱ्या टाकीची. ती सुरू करताना बघणं हा माझा रविवारचा कार्यक्रम. आधी दोन्ही पेट्रोल कॉक उघडायचे. मग दोन्ही अमल कार्ब्युरेटरांवरचं बारीक बटण दाबून धरायचं, पेट्रोल पाझरून बोटाला गार लागेपर्यंत. या बटणाला इथे टिकलर म्हणतात. नंतर क्लच धरून दोन किका नुसत्याच, म्हणजे चिकटून बसलेल्या क्लचप्लेटा सुटतात. मग किक हळूहळू खाली घ्यायची, कॉम्प्रेशन पायाला लागलं की थांबायचं, किक वर येऊ द्यायची, चावी फिरवायची आणि सगळं वजन टाकून एकच किक. ८१ वर्षांचा माणूस, पण दुसरी किक मारावी लागलेली मी क्वचितच पाहिली.

आणि मग तो आवाज. या इंजिनात दोन्ही पिस्टन एकदमच वर येतात आणि एकदमच खाली जातात, स्फोट मात्र आलटून पालटून. त्यामुळे ठोका एकसारखा, भरीव. ही रचना एडवर्ड टर्नर या इंजिनिअरने १९३७ च्या स्पीड ट्विनमध्ये आणली. ५०० सीसीचं ते जोड-सिलिंडर इंजिन आकाराने एका सिलिंडरच्या इंजिनाएवढंच दिसायचं. पुढे बीएसए, नॉर्टन, मॅचलेस या सगळ्या ब्रिटिश कंपन्यांनी तीच वाट धरली.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला टॅपेट लावायला, म्हणजे व्हॉल्व्हजवळची बारीक फट जुळवायला, शिकवलं. इनटेकला २ थाऊ, एक्झॉस्टला ४ थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. २ थाऊ म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीच्या निम्मं. फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पत्ती, ओढताना जो किंचित अडकाव लागतो तो बोटांना ओळखता येईपर्यंत त्यांनी मला उठू दिलं नाही. अडीच तास लागले. त्या अडीच तासांनंतर यंत्राकडे बघण्याची माझी नजर बदलली. मी इंजिनिअर आहे, रोज संगणकावर यंत्रांचे भाग फिरवून बघतो, पण यंत्र हाताला बोलतं हे तिथे कळलं.

तुमच्या घरी, गावात, ओळखीत अशी कुठली ब्रिटिश गाडी आहे किंवा होती का? लिहा. सविस्तर लिहा.

जुना_फिटर

मेरिडनकर, लेख वाचून हातांना वास आला. ग्रीस आणि केरोसीनचा.

मी पुण्यात नाना पेठेत एका गॅरेजात पंधराव्या वर्षी लागलो. तेव्हा आमच्याकडे लष्कराच्या लिलावातल्या गाड्या यायच्या. बीएसए एम-२०, नॉर्टन १६-एच, मॅचलेस जी-३ एल. दुसऱ्या महायुद्धासाठी एकट्या एम-२० सव्वा लाखाच्या आसपास बनल्या. युद्ध संपलं आणि त्यातल्या कित्येक इथेच राहिल्या. दूधवाले, कंत्राटदार, गावोगाव फिरणारे डॉक्टर, असे त्यांचे पुढचे मालक.

१६-एच मधला एच म्हणजे होम, इंग्लंडातल्या रस्त्यांसाठी. वसाहतींच्या रस्त्यांसाठी नॉर्टनने जमिनीपासून जास्त उंच असलेलं निराळं मॉडेल काढलं होतं, त्याचं नाव कलोनियल. युद्धात मात्र वाळवंट असो की चिखल, होमवालीच सगळीकडे गेली.

नवीन मुलांना एकच सांगतो. या गाड्यांना हात लावण्याआधी व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे, पाने घ्या. पान्यावर पाव इंच लिहिलेलं असतं ते बोल्टच्या दांड्याचं माप, डोक्याचं नाही. पाव इंची व्हिटवर्थचं डोकं साधारण १३.३ मिलिमीटर भरतं. १३ चा पाना बसत नाही आणि १४ चा सैल बसतो. सैल पान्याने जोर लावला की डोक्याचे कोपरे गोल होतात, मग छिन्नी येते, मग सगळंच संपतं. मी पाहिलेल्या दहा खराब गाड्यांतल्या आठ गंजाने नाही, चुकीच्या पान्याने खराब झालेल्या होत्या.

माझ्या उस्तादांनी मला पहिल्या वर्षी इंजिन उघडू दिलं नाही. नुसते नट ओळखायला लावले, डोळे मिटून, हाताने.

रंकाळा

सगळे बीएसए-ट्रायम्फ म्हणतायत, पण कोल्हापुरात ज्या ब्रिटिश गाडीवर आम्ही वाढलो ती बुलेट. तीही जन्माने इंग्लंडचीच की. वूस्टरशरमधलं रेडिच हे सुया बनवणारं गाव, तिथली रॉयल एनफिल्ड. पहिली मोटारसायकल १९०१ ची, बुलेट हे नाव १९३२ चं. भारतीय लष्कराला सीमेवर गस्तीसाठी गाडी हवी होती, त्यातून १९५५ मध्ये मद्रासला कारखाना निघाला. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला, इंग्लंडातलं उरलंसुरलं काम १९७० मध्ये थांबलं. मद्रासची बुलेट मात्र चालूच राहिली आणि १९७७ पासून ती इंग्लंडात विकायला जाऊ लागली.

आमच्या वडिलांची ३५० आहे. उजव्या पायात गिअर, डाव्यात ब्रेक. पहिला वर, बाकी तीन खाली. न्यूट्रल शोधायला टाचेजवळ वेगळा दांडा. किक मारायची तर ॲमीटरचा काटा बघायचा, डीकॉम्प्रेशनची, म्हणजे इंजिनातला दाब सोडायची, छोटी मूठ दाबायची, पिस्टन जागेवर आणायचा. मेरिडनकरांनी लिहिलं तसंच आमच्या दारात रोज सकाळी घडायचं. मला वाटायचं ही वडिलांची पूजा आहे. आधी देवघर, मग बुलेट.

डाव्या पायात गिअर असलेल्या गाडीवर वडील अजूनही बसत नाहीत. पाय ऐकत नाही म्हणतात.

संपदा_बर्मिंगहॅम

छान धागा. मी सॉलिहलजवळच्या नॅशनल मोटारसायकल म्युझियमपासून वीस मिनिटांवर राहते. फक्त ब्रिटिश गाड्यांचं हे संग्रहालय १९८४ मध्ये उघडलं. १६ सप्टेंबर २००३ ला तिथे आग लागली आणि साडेतीनशेहून जास्त गाड्या जळाल्या. आगीच्या वेळी तिथे कॉन्फरन्सला आलेले लोक आणि कर्मचारी मिळून हाताला येईल ती गाडी ढकलत बाहेर आणत होते. सव्वा वर्षाने, डिसेंबर २००४ मध्ये, संग्रहालय पुन्हा उघडलं. जळून गेलेल्यांपैकी कितीतरी गाड्या परत उभ्या केल्या गेल्या. आता तिथे उभं राहून इंजिनाचे चकाकणारे पंख बघताना ते आठवतं आणि मी जरा जास्तच वेळ थांबते.

इथे सगळे आजोबा, वडील, उस्ताद आलेत म्हणून एका बाईबद्दल लिहिते. बिॲट्रिस शिलिंग. इंजिनिअर. ब्रुकलँड्सच्या गोल ट्रॅकवर शर्यतीत ताशी १०० मैलांच्या वर फेरी मारणाऱ्याला सोन्याचा तारा मिळायचा. हिने १९३४ मध्ये नॉर्टनवर ताशी १०६ मैलांची फेरी मारून तो मिळवला. बीएसएच्या गोल्ड स्टार गाडीचं नाव याच ताऱ्यावरून, वॉल हँडलीने १९३७ मध्ये बीएसएवर तो मिळवला म्हणून.

आणि शिलिंगबाईंचं खरं मोठं काम पुढे आहे. स्पिटफायर आणि हरिकेन विमानांनी एकदम खाली नाक केलं की त्यांचं मर्लिन इंजिन गचके खायचं, कारण कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उसळायचं. बाईंनी १९४१ मध्ये पेट्रोलच्या वाटेत बसवायची भोकाची छोटी चकती काढली, तेवढ्याने वैमानिकांचा जीव भांड्यात पडला. ती चकती बसवायला त्या विमानतळांवर हिंडल्या त्याही मोटारसायकलवरून. माझ्या मुलीच्या खोलीत त्यांचा फोटो मी लावलाय.

स्टीव्हनेज_व्हाया_सांगली

विन्सेंटचं नाव आल्याशिवाय धागा पुरा व्हायचा नाही. ब्लॅक शॅडो, ९९८ सीसी, काळ्या इंजिनाची व्ही-ट्विन, म्हणजे दोन सिलिंडर व्ही अक्षरासारखे. वेगळी चौकट जवळजवळ नाहीच, इंजिनच गाडीचा कणा. १९४८ च्या सप्टेंबरात रॉली फ्री नावाचा अमेरिकन बॉनव्हिलच्या मिठावर विन्सेंटवर पालथा झोपला, अंगात फक्त पोहण्याची चड्डी, पाय मागे सरळ, आणि ताशी १५० मैलांच्या वर गेला. आधी घातलेले कातडी कपडे आधीच्या फेऱ्यांत फाटले, म्हणून त्याने काढून ठेवले होते.

१९५५ मध्ये स्टीव्हनेजला शेवटची विन्सेंट बनली. मी त्याच गावात नोकरी केली. गाडी एकदाच, एका मेळाव्यात, हात लावून पाहिली. मालकाने स्वतःहून म्हटलं, लावा हात.

दुचाकी_चिंचवड

मी वेगळं बोलतो, राग मानू नये. माझं प्रेम जपानी गाड्यांवर. ब्रिटिश गाड्या तेल गळतात, थरथरतात, दिवे जातात. १९६९ मध्ये होंडाने सीबी-७५० आणली, चार सिलिंडर, बटण स्टार्ट, पुढे डिस्क ब्रेक, आणि तेलाचा थेंब नाही. जे टिकले नाहीत ते आपल्या चुकीने गेले. मग या आठवणी एवढ्या गोड का?

मेरिडनकर

दुचाकी_चिंचवड, राग कसला. प्रश्न योग्य आहे.

तेल गळण्याचं कारण बहुतांशी रचनेत आहे. बहुतेक ब्रिटिश इंजिनांचा क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, मधोमध उभा चिरलेला, दोन अर्धे एकमेकांना जोडलेले. म्हणजे सांधा थेट तळातून जातो, जिथे तेल साठतं. होंडाने तो आडवा चिरला, सांधा तेलाच्या वर गेला. हे ब्रिटिश इंजिनिअरांना कळत नव्हतं असं नाही. नवीन यंत्रसामग्रीवर पैसा घालायला मालक मंडळी तयार नव्हती. जुन्याच लेथवर दर वर्षी जास्त ताकदीचं इंजिन काढायचं, आणि ताकद वाढली की थरथर वाढते.

१९७१ ची गोष्ट तर आजोबा आजही चिडून सांगतात. लांबच्या एका आलिशान वाड्यात बसलेल्या डिझाइन विभागाने नवी चौकट काढली, तेल चौकटीच्याच नळीत. नकाशे कारखान्यात उशिरा पोचले. चौकटी आल्या तर त्यात इंजिन बसेना, रॉकर बॉक्समध्ये बदल करावे लागले. सीट एवढं उंच की बऱ्याच जणांचे पाय टेकेनात. कारखान्यातल्या माणसाला एका शब्दाने कोणी विचारलं नव्हतं.

सप्टेंबर १९७३ मध्ये मेरिडन बंद करायचं जाहीर झालं. कामगारांनी गेट अडवलं. दोन हिवाळे शेगडी पेटवून पाळ्या लावून बसले, त्यात आजोबा होते. उद्योगमंत्री टोनी बेन यांनी पाठबळ दिलं आणि १९७५ मध्ये कामगारांची सहकारी संस्था झाली. तिने १९८३ पर्यंत बॉनव्हिल बनवली. साखर कारखान्यांच्या मुलखातल्या आपल्या लोकांना सहकार म्हणजे काय ते समजवायला नको.

आठवण गोड का, तर माझ्यापुरतं उत्तर असं. तुमची होंडा मला काही मागत नाही. ही गाडी मागते. दर दीड-दोन हजार मैलांनी टॅपेट बघ, चेन बघ, नट आवळ. मागते म्हणून तिच्याजवळ बसणं होतं, आणि तिच्यामुळे मी त्या शेडमध्ये आजोबांजवळ बसतो. होंडा जास्त चांगलं यंत्र आहे, हे मी मोकळेपणाने मानतो.

दुचाकी_चिंचवड

पटलं. गेटवरची हकिगत माहीत नव्हती. पुढच्या वेळी आजोबांना माझा नमस्कार सांगा.

घाटवाट

हा धागा तीन दिवस वाचतोय, आज धीर करून लिहितो. सातारा जिल्ह्यात आमचं गाव. गोठ्याला लागून असलेल्या खोलीत, कडब्याच्या मागे, माझ्या आजोबांची गाडी पडून आहे. टाकीवर काही दिसत नाही, पण इंजिनावर डब्ल्यूएम-२० आणि पुढे आकडे आहेत. आजोबांनी कंत्राटाची कामं करायला घेतली होती. १९८६ ला ते गेले तेव्हापासून हललेली नाही. भंगारवाला दोनदा येऊन गेला. आजीने दोन्ही वेळा परत पाठवलं.

मला ती चालू करायची आहे. किक दगडासारखी घट्ट आहे. कुठून सुरुवात करू? कोणीतरी म्हणालं ट्रॅक्टरला बांधून ओढा.

जुना_फिटर

घाटवाट बेटा, ट्रॅक्टर अजिबात नको. आणि किकवर उभाही राहू नकोस.

डब्ल्यू म्हणजे युद्धखात्याची बीएसए एम-२०. ४९६ सीसी, साइड व्हॉल्व्ह. तुझं नशीब चांगलं, कारण हिचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असतात, हेड म्हणजे नुसतं झाकण. वेळ आली तर काढायला सोपं.

आधी प्लग काढ. भोकातून इंजिन ऑइल आणि डिझेल निम्मं-निम्मं, अर्धी वाटी सोड. आठ-दहा दिवस तसंच राहू दे, मधेमधे थोडं घाल. या गाडीचं तेल वेगळ्या टाकीत असतं आणि उभ्या गाडीत ते पंपातून झिरपत खाली क्रँककेसमध्ये उतरतं. तळाची जाळी आहे, ती उघडून सगळा गाळ काढ. मग गाडी स्टँडवर, वरचा गिअर टाक आणि मागचं चाक हाताने पुढे-मागे कर. पुढे-मागे, जोर नाही. सुटेल तेव्हा तुला हाताला कळेल.

इंजिन फिरलं की मॅग्नेटो. त्याला बॅटरी लागत नाही, स्वतःची वीज स्वतः करतो. पॉइंट साफ कर, १२ थाऊ अंतर ठेव. आपल्याकडच्या उष्णतेत आतलं लाखेचं आवरण वितळतं आणि कंडेन्सर बाद होतो, तसं असेल तर वाइंडिंगवाल्याकडे द्यावा लागेल. आधी ठिणगी बघ. आणि पुढे कधी किक मारशील तेव्हा हँडलवरचा टायमिंगचा दांडा मागे घेऊन मार, नाहीतर किक उलटी येते आणि घोटा जातो. माझ्या समोर एकाचा गेला आहे.

रंगाला, पितळेला, कशालाही पॉलिश करू नकोस अजून. खालचा रंग बघायचा आहे.

आरसीबुक

घाटवाट, कागद शोधा. जुनं आरसी पुस्तक आजीच्या ट्रंकेत असेल. जुलै २०२१ पासून केंद्राच्या मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आली आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी त्यात बसते. नंबरात व्हीए अक्षरं येतात. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, पुढे फेरनोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला परवानगी नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठी रस्त्यावर आणता येते. आधीच नोंदणी झालेली असेल तर जुना नंबर टिकवता येतो, म्हणून ते पुस्तक सोन्यासारखं आहे.

संपदा_बर्मिंगहॅम

इंजिन आणि चौकटीवरचे आकडे जसेच्या तसे उतरवून ठेवा. इथला व्हिंटेज मोटर सायकल क्लब १९४६ चा आहे, कारखान्यांच्या जुन्या नोंदवह्यांवरून गाडी कधी बनली ते सांगतात. तुमची गाडी बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथमधल्या बीएसए कारखान्यातून निघाली. माझ्या ऑफिसपासून ती जागा जवळ आहे. तुम्हाला तिथला फोटो पाठवते.

घाटवाट

तीन आठवड्यांनी लिहितोय, मध्ये कापणी होती.

जाळी उघडली तेव्हा डांबरासारखा गाळ निघाला, आणि त्यात एक तांब्याचा वायसर. तेल घालून नवव्या दिवशी चाक हलवलं, काही नाही. अकराव्या दिवशी संध्याकाळी हलवताना आतून सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला आणि चाक बोटभर पुढे गेलं. मग मागे. मग पुढे. अर्ध्या तासात इंजिन पूर्ण फिरलं. माझे हात कापत होते.

आरसी पुस्तक मिळालं. आजीच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली.

काल रात्री मॅग्नेटोचे पॉइंट साफ करून प्लग हेडवर टेकवला, दिवा बंद केला आणि किक मारली. पहिल्या चार-पाच वेळा काही नाही. मग निळी, बारीक, पण ठिणगी. आजी दारात उभी होती. म्हणाली, झाली का चालू? म्हटलं नाही आजी, नुसती ठिणगी आली. ती म्हणाली, आली ना. आणि कंदील घेऊन आत येऊन बसली, परत एकदा दाखव म्हणाली. मी सहा वेळा दाखवली.

आता टायर बघतोय. दोन्ही पार चिरलेत. बाजूवर ३.२५-१९ वाचता येतंय. जुन्या मापाचे कुठे मिळतील?

रंकाळा

३.२५-१९ हे आमच्या बुलेटचंच माप आहे. शोधत बसू नका. वडिलांनी दोन नवे आणून ठेवलेले आहेत, त्यांना विचारलं, ते म्हणाले देऊन टाक. रविवारी साताऱ्याला येणं आहे, एसटी स्टँडवर घ्यायला या. ट्यूबही घेऊन येतो. वडील पण येतो म्हणतायत, त्यांना गाडी बघायची आहे.